मळभातले चेहरे

आमच्या सासवडला पावसाळ्यात पाऊस कमी आणि मळभ जास्त असते. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर मोकळे होतात आणि पुरंदरच्या या बाजूला पोहोचेपर्यंत त्यांच्यात भुरभुरीपुरते पाणी उरते. आभाळ झाकायला मात्र ते पुरेसे असतात. एकदा झाकले की कधी कधी आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पेरणी करून बसलेल्या माणसाच्या जिवाला घोर लावणारे हे आभाळ आमच्या स्टुडिओच्या हंगामाचे आभाळ आहे, कारण ज्ञानोबा माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्या गावी मुक्कामाला येते ती याच दिवसांत. आणि ज्यांच्या लग्नाचा बार तुळशीच्या लग्नानंतर उडायचा असतो अशी जोडपी, डोंगर हिरवे आहेत तोवर, प्री-वेडिंगचे फोटो काढून घेतात तीही पुढच्या दोन-तीन महिन्यांतच. वर्षभरात मी घराबाहेर जेवढे चेहरे टिपते, त्यांतले निम्मे तरी ढगाखालचे असतात. ते फोटो संगणकावर उघडले की शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिले वाक्य ठरलेले येते : ‘‘ताई, यात जरा ऊन टाका ना.’’

ऊन टाकता येते. गालाच्या एका कडेला नारिंगी छटा, केसांवर सोनेरी रेघ, मागे संध्याकाळचे आभाळ, एवढे केले की काम झाले असे वाटते. मी हे पुष्कळ वर्षे केले आहे आणि आता करत नाही. त्यामागचे कारण सांगायचे तर ढगाखालचा उजेड म्हणजे नेमके काय, तिथून सुरुवात करावी लागेल.

निरभ्र दिवशी सूर्य हा दूरवरचा एक लहानसा, झगझगीत दिवा असतो; ढग आले की अख्खे आभाळच दिवा होते. ढगातले पाण्याचे थेंब साधारण १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात, त्यामुळे ते निळा-तांबडा असा भेद न करता सगळे रंग सारखेच विखुरतात आणि आभाळ पांढुरके-राखाडी दिसते. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो. दाट ढगाखाली तो १० हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. सावलीला कड राहत नाही. या सगळ्याला फोटोग्राफर मंडळी ‘सपाट उजेड’ म्हणतात, आणि कित्येक वर्षे मीही तसेच म्हणत होते.

पण तो सपाट नसतो. पॅरी मून आणि डोमिना एबर्ली स्पेन्सर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४२ साली ढगाळ आभाळाच्या तेजाचे एक सूत्र मांडले. घरात दिवसाचा उजेड किती येईल याचा हिशेब करण्यासाठी ते पुढे जगभर वापरले गेले. त्या सूत्राप्रमाणे डोक्यावरचे आभाळ क्षितिजालगतच्या आभाळाच्या तिप्पट तेजस्वी असते. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी उठून आमच्या भिंतीवरच्या फोटोंसमोर जाऊन उभी राहिले, कारण माझ्या कामातल्या निम्म्या अडचणींचे मूळ त्या एका आकड्यात होते. डावी-उजवी बाजू पाहिली तर हा उजेड खरोखरच सपाट असतो. वरून खाली पाहिले तर मुळीच नसतो. तो डोक्यावरून ओतल्यासारखा येतो. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचे उंचवटे उजळतात. भुवयांखालच्या खोबणी, खालच्या ओठाखालची जागा आणि गळा काळवंडतो. रात्रभर शांत झोपलेला माणूसही मग जागरण केल्यासारखा दिसतो, आणि ‘फोटो डल आला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला आभाळ खटकलेले नसते, हे डोळे खटकलेले असतात.

म्हणून ढगाळ फोटोत पहिला हात लावायचा तो डोळ्यांच्या खोबणींना. माझे वडील हे काम शिसपेन्सिलीने करत. आमच्याकडे अजून त्यांचे टचिंगचे टेबल आहे : तिरकी लाकडी चौकट, मधोमध दुधी काच, आणि खाली एक आरसा, ज्यावरून खिडकीतला उजेड उसळून काचेमागे यायचा. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. जिथे सावली, तिथे फिल्म पातळ आणि पारदर्शक. वडील निगेटिव्हच्या इमल्शनच्या, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराच्या, बाजूला ‘मीडियम’ नावाचे चिकटसर द्रावण कापसाने हलकेच चोळत, कारण त्याशिवाय पेन्सिल फिल्मवर धरत नाही. मग पॉलिश कागदावर घासून सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने डोळ्यांखालच्या त्या पातळ जागेवर बारीक, स्वल्पविरामाएवढे फटकारे मारत. तेवढी जागा दाट व्हायची आणि प्रिंटवर तेवढीच उजळायची. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास लागे. मजा अशी की हे काम ते मळभाच्या दिवसांसाठी राखून ठेवत, कारण त्या दिवसांत खिडकीतला उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलत नाही. ढगाने चेहऱ्यावर आणलेली सावली ते ढगाच्याच उजेडात हलकी करत होते, हे मला फार उशिरा लक्षात आले.

ती सावली ते कधीही पूर्ण पुसत नसत. मी संगणकावर शिकत होते तेव्हा पुसत असे, आणि डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे का दिसतात हे मला कळत नसे. खोबण ही खोबणच राहायला हवी. तिथला काळोख तेवढा एका स्टॉपच्या तिसऱ्या भागाने, फार तर अर्ध्या स्टॉपने वर उचलायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आज मी फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर मध्यम राखाडीचा थर घालते, तो ‘सॉफ्ट लाइट’मध्ये ठेवते, म्हणजे राखाडी स्वतः दिसत नाही, आणि पांढरा ब्रश ३ टक्के फ्लोवर, म्हणजे रंग अगदी थोडा थोडा उतरेल असा, धरून तसेच स्वल्पविरामाएवढे फटकारे मारते. वेळही तेवढाच लागतो.

आता ऊन टाकणे मी का सोडले, त्याची हकिकत.

काही वर्षांपूर्वीच्या वारीत, दिवे घाटाच्या वरच्या वळणावर मी उभी होते. मस्तानी तलाव खाली शिशासारखा दिसत होता, आभाळ दिवसभर झाकलेले होते आणि दिंड्या एकामागून एक वर येत होत्या. साठी ओलांडलेल्या एक बाई डोक्यावर तुळस घेऊन आल्या. डाळिंबी लुगडे, कपाळावर कुंकू आणि त्याखाली बुक्का, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. ‘‘माउली, एक फोटो काढू का?’’ असे मी म्हटले, तेव्हा त्या चालता चालता थांबल्या, एक हात वृंदावनाला लावून त्यांनी थेट भिंगात पाहिले आणि दोन-तीन श्वासांपुरत्या स्थिर राहिल्या. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो.

घरी येऊन मी त्यावर तीन रात्री काम केले. माझ्याकडे तेव्हा आभाळांचा एक वेगळा फोल्डर होता. पुरंदरावरून, जेजुरीहून, कोकणातून जमवलेली निरनिराळ्या वेळांची आभाळे. त्यातले एक तांबूस, सूर्य कललेले आभाळ मी घाटामागे बसवले, डाव्या गालाला ऊन दिले, त्वचा मऊ केली. फोटो देखणा झाला. १२ बाय १८ची प्रिंट काढून मी तो स्टुडिओच्या काचेत लावला आणि वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले.

पुढच्या वर्षी पालखी मुक्कामाला असताना त्याच बाई त्यांच्या दिंडीतल्या चार-पाच जणींबरोबर रस्त्याने चालल्या होत्या. काचेसमोर थांबल्या. मी बाहेर गेले, त्यांच्या पाया पडले, फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

‘‘लुगडं माझंच हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर ऊन कुठलं गं हे? त्या दिशी दिसभर मळभ होतं. घाटात वारं सुटलं होतं.’’

मग त्यांनी काचेवर, फोटोतल्या हनुवटीच्या जागी, बोट ठेवले. तिथे तीनऐवजी एकच ठिपका होता, तोही पुसटसा. त्वचा मऊ करताना बाकीचे दोन डाग समजून गेले होते, आणि माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

‘‘हे पुसलं व्हय?’’ त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. ‘‘बाई, बाकी समदं हितंच ऱ्हातंय. गोंदण तेवढं संगं येतं.’’

गोंदण मेल्यावरही बरोबर येते ही समजूत मी लहानपणापासून आजीच्या तोंडून ऐकत आले होते. त्या संध्याकाळी मी फोटो काचेतून काढला आणि मूळ फाइल पुन्हा उघडली.

त्या वेळी पहिल्यांदा मी त्यांचा डोळा ३०० टक्के मोठा करून पाहिला. बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागात पांढऱ्या आभाळाची रुंद कमान होती. तिच्या खाली घाटाच्या कड्याची गडद रेघ होती. आणि त्या रेघेवर कोपरे बाहेर काढून उभी असलेली एक तिळाएवढी आकृती होती, ती मी. उन्हात काढलेल्या चेहऱ्याच्या डोळ्यात उजेडाचा एक बारीक, टोकदार ठिपका असतो. ढगाखाली डोळ्यात अख्खे आभाळ उतरते. मी गालाला ऊन दिले होते आणि डोळ्यात मळभ तसेच राहिले होते. पाहणारा माणूस डोळ्यात इतके वाकून पाहत नाही हे खरे. पण गाल एक सांगतो आहे आणि डोळा दुसरेच, ही विसंगती त्याला नाव देता आले नाही तरी जाणवते. बदललेल्या आभाळांच्या फोटोंत जी एक उपरी चमक असते, ती माझ्या मते इथून येते.

आभाळ बदलण्याचा हा मोह नवा नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो काढताना पाण्याची आणि आभाळाची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन ती क्षितिजरेषेवर जुळवली होती. त्याची अडचण खरी होती : त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा निळ्या रंगाला इतक्या हळव्या होत्या की पाण्याला पुरेसा उजेड दिला की आभाळ कोरे पांढरे होऊन जाई. त्याला जे साधायला दोन निगेटिव्ह आणि मोठे कसब लागले, ते २०२०पासून फोटोशॉपमध्ये एका आज्ञेवर होते. मला त्याच्या फोटोंबद्दल आदरच आहे. पण समुद्राला डोळे नसतात.

आणि आमची अडचण त्याची नाही, कारण ढगाळ आभाळ आमच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा असतेच. फक्त ते दिसत नसते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, १६,३८४. काढताना आभाळ पूर्ण जळू दिले नसेल, तर जो भाग कोरा पांढरा वाटतो त्यात ढगांचे थर दबून बसलेले असतात. त्या फोटोत मी वरून खाली एक लांब, सौम्य ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू विरत जाणारा थर, घातला, उजळ भाग हळूहळू खाली आणला, आणि तलावाच्या बाजूने चढत येणारा एक काळसर पट्टा वर आला. तो पट्टा पाहताच मला आठवले की त्यानंतर दहाच मिनिटांनी भुरभुर सुरू झाली होती आणि लोकांनी डोक्यावर प्लास्टिकचे कागद ओढले होते. पदराची कड आणि तुळशीच्या पानांमधल्या फटी यांना हात लावावाच लागला नाही. परके आभाळ बसवताना याच फटींत माझ्या दोन रात्री गेल्या होत्या.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो त्वचेत. या विषयावर मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण ढगाळ फोटोंत सावळ्या माणसांवर जितका अन्याय होतो तितका कुणावरच होत नाही. चेहऱ्यावर पडलेला काही प्रकाश त्वचेत शिरतो आणि तिचा रंग घेऊन बाहेर येतो. काही मात्र आत न शिरता पृष्ठभागावरूनच उसळतो, आणि त्याचा रंग त्वचेचा नसतो, आभाळाचा असतो. गोऱ्या त्वचेत आतून परतणारा प्रकाश भरपूर असल्याने हे उसळणे लपून जाते. सावळ्या त्वचेत ते उठून दिसते. डोक्यावर अख्खे राखाडी-निळसर आभाळ असले की कपाळावर, नाकावर, गालांवर त्या रंगाची एक साय धरते आणि तांबूस-तपकिरी चेहरा राख फासल्यासारखा होतो. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फोटो उजळवणे. त्याने राख अधिकच पांढरी होते, आणि चेहऱ्याचा उरलासुरला रंगही जातो.

उपाय नेमका उलट आहे. मी फक्त ती साय निवडते, तिच्यातला निळेपणा काढते आणि तिला थोडे खाली आणते. मग कर्व्हला, म्हणजे उजेड-काळोख कमीजास्त करण्याच्या रेषेला, मधल्या भागात हलका एस आकार देते, म्हणजे चेहरा किंचित गडद होतो आणि त्याचबरोबर भरतो. छपाईच्या आकड्यांत पाहिले तर त्वचेत पिवळा मॅजेंटापेक्षा, म्हणजे किरमिजीपेक्षा, थोडा जास्त आणि सायन, म्हणजे हिरवट निळा, त्या दोघांहून पुष्कळ कमी असावा लागतो. सायन चढला की राख आलीच. हा हिशेब सावळ्या चेहऱ्यालाही लागू पडतो, फक्त तिथे तिन्ही आकडे चढे असतात. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे ‘शर्ली’ नावाचे कार्ड असे, ज्यावर वर्षानुवर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा होता. ते कार्ड गेले, पण ‘चांगला रंग’ म्हणजे त्या कार्डाच्या जवळ जाणारा रंग, ही सवय आमच्या डोळ्यांतून गेलेली नाही. ‘‘मुलगी जरा उजळ दाखवा’’ असे सांगणाऱ्या वडिलांना मी हल्ली दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवून दाखवते. पुष्कळदा ते मुलीच्या खऱ्या रंगाची प्रिंट उचलतात. न उचलली तरी त्वचेचा मूळ रंग मी बदलून देत नाही, आणि त्यापायी गेलेली कामे गेली.

गोंदणाने मला आणखी एक गोष्ट शिकवली. गोंदणाची शाई काजळीची, म्हणजे मुळात काळी; पण ती त्वचेच्या खाली असते आणि वरच्या थरातून दिसताना निळसर-हिरवी दिसते. सगळ्या चेहऱ्याला एकदम ऊब दिली की हा निळा-हिरवा मरतो, ठिपका तपकिरी होतो, आणि मग तो खरोखरच डागासारखा दिसायला लागतो. म्हणून आता रंगाचा थर घालताना मी गोंदण मास्कने, म्हणजे तेवढा भाग झाकून, बाहेर ठेवते. डाग आपोआप काढणारी सोय मी बंदच केली आहे. बुक्का, देवीचे वण, गोंदण आणि तीळ यांत ती फरक करू शकत नाही. काम सुरू करण्याआधी मी चेहऱ्यावरच्या खुणा मोजून कागदावर लिहिते आणि शेवटी पुन्हा मोजते.

त्या चेहऱ्याच्या हनुवटीखाली मात्र मला काहीच करावे लागले नाही. ढगाळ फोटोत गळा काळा पडतो, तो इथे पडला नव्हता. कारण शोधायला मी आधीचे-नंतरचे फोटो पाहिले, तेव्हा दिसले की त्यांच्या समोरून, माझ्या दोन्ही बाजूंनी, पांढऱ्या धोतर-सदऱ्यांतली माणसे चालली होती, आणि वरून आलेला उजेड त्या पांढऱ्या कापडांवरून उसळून त्यांच्या चेहऱ्यावर खालून येत होता. असा रिफ्लेक्टर विकत मिळत नाही. वाटाण्याच्या शिवारात उभ्या केलेल्या जोडप्यांच्या बाबतीत हेच उलटे होते. तिथे खालून येतो तो हिरवा उजेड, आणि नवरीच्या गळ्यावरचा तो हिरवेपणा काढताना मॅजेंटा जरा जास्त झाला की गळा सोलल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा काढतानाच माणसाला ओसरीच्या कडेला किंवा वडाच्या पारंब्यांच्या आतल्या बाजूला उभे करावे, म्हणजे डोक्यावरचा तिप्पट उजेड झाकला जातो आणि समोरचा तेवढा चेहऱ्यावर येतो. घाटात मात्र वड नसतो आणि वारकऱ्याला इकडे उभे राहा, तिकडे उभे राहा असे सांगायचेही नसते.

नवी प्रिंट मी मॅट कागदावर काढली. चकचकीत कागद स्वतःच आभाळाचा उजेड परतवतो, आणि मी चेहऱ्यावरून काढलेली साय प्रिंटवर पुन्हा धरते. प्रिंट तपासायला मी आमच्या दारात जाते, मळभ असताना. संगणकाचे पडदे ज्या ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचे माप) पांढऱ्यावर बसवतात, ढगाळ दिवसाचा उजेड साधारण त्याच्याच आसपास असतो, त्यामुळे आत पडद्यावर पाहिलेले आणि बाहेर हातात धरलेले यांत फारसा फरक पडत नाही. दारात उभे राहून मी ठिपके मोजले. तीन होते. डोळ्यांखाली सावली होती, पण तिच्या आतली नजर दिसत होती.

त्या बाई पुढच्या वारीला आल्या नाहीत. त्यांची दिंडी आली. गुडघे धरले म्हणून त्या घरीच राहिल्याचे दिंडीतल्या एकीने सांगितले. मी प्रिंट त्या दिंडीतल्या बाईंकडेच दिली. त्यांनी ती हातात धरून पाहिली, ‘‘घाटातलं हाय हे’’ एवढेच म्हणाल्या, आणि बाहेर भुरभुर सुरू झाली होती म्हणून प्लास्टिकच्या कागदात दोनदा गुंडाळून पिशवीत लुगड्याच्या घडीत ठेवली.